बाराव्या पेरावर आलेला अंगठा

जर्सी सिटीच्या पुरुषोत्तम आठल्यांनी मराठी मंडळाच्या नाटकांत वीस वर्षं तोंडाला रंग लावला. नोकरी पुलांच्या नकाशांची, जीव मात्र विंगेत! पण २००५च्या गणेशोत्सवात, भर दुसऱ्या अंकात, त्यांची पाटी कोरी झाली. समोर तीनशे माणसं आणि तोंडात शब्द नाही. पहिल्या रांगेतून बायकोनं, सुहासिनीनं, वाक्य पुरवलं तेव्हा प्रवेश पुढे सरकला.

पुढच्या वर्षी दिग्दर्शिका प्रतिमानं त्यांना वकिलाची मोठी भूमिका देऊ केली. ते म्हणाले, "नको गं. मी पडदा ओढतो."

"सोमवारपर्यंत विचार करा, काका."

विचार करायला त्यांनी लायब्ररीतून आणलं ब्लॅकजॅकचं, म्हणजे पानांची बेरीज एकविसाच्या जवळ न्यायच्या पत्त्यांच्या खेळाचं, पुस्तक!

"आता जुगार?" सुहासिनी म्हणाली.

"जुगार नाही गं. गोंगाटात डोकं जाग्यावर राहतं का, ते बघायचंय."

निघालेली पानं मोजायची रीत सोपी होती. दुर्री ते छक्की निघाली की एक वाढवायचा. दश्शी, चित्र किंवा एक्का निघाला की एक कमी. मधली पानं सोडून द्यायची. आकडा चढला म्हणजे उरलेल्या पत्त्यांत मोठी पानं जास्त, ती खेळणाऱ्याच्या सोयीची. तेव्हा डाव वाढवायचा. सुहासिनी एक पान पदराखाली लपवी, हे उरलेली एकावन्न उलटून सांगत, "मोठं लपवलंयस!" एकदाही चुकले नाहीत.

"आपल्या गल्लीत कुत्रंही वाघ असतं," ती म्हणाली.

म्हणून शनिवारी सकाळी दोघं अटलांटिक सिटीच्या बसमध्ये चढली. डब्यात मेथीचे ठेपले होते.

कॅसिनोत यंत्रांचा असा कलकलाट, की जणू दहा बँड एकाच लग्नाला आले होते. पत्ते वाटणाऱ्या मुलीच्या छातीवर नाव होतं, संध्या. पुरुषोत्तम बसले, सुहासिनी मागे उभी राहिली. पानं पडू लागली. सहा, चार, राजा, तीन... टेबलाच्या कडेवर त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर पुढे-मागे फिरू लागला, आजोबा जप करायचे तसा. बघता बघता तो करंगळीच्या टोकाला पोचला. बारा!

त्यांनी पैशांऐवजी घेतलेल्या चिपांची चळत पुढे सरकवली. राजा आला. पाठोपाठ राणी! वीस!

"बघ, मोठी पानं आली!" ते कुजबुजले.

संध्यानं सहा, पाच आणि दश्शी मांडली. एकवीस. चळत गेली.

"हे तुमचं गणित?" सुहासिनीनं कोपरखळी मारली.

"गणित बरोबर आहे गं. पण फायदा चिमूटभर. तो दिसायला शेकडो तास बसावं लागतं. एका दुपारी नशीबच राजा."

अंगठा पुन्हा बारावर आला. त्यांनी पुन्हा चळत सरकवली, तोच कोटवाला सुपरवायझर संध्याच्या कानाशी लागला. तिनं उरलेले निम्मे पत्ते गोळा केले आणि सगळे मिसळून पिसायला घेतले. मग हसू दाबत हळूच म्हणाली, "काका, माला जप रहे हो क्या? मेरी बा भी सूरत में ऐसे ही गिनती है. साहब ने देख लिया."

"हाकलणार का आपल्याला?" सुहासिनी घाबरली.

"इथल्या कायद्यानं हाकलता येत नाही, पुस्तकात आहे," पुरुषोत्तम म्हणाले. "पण पत्ते हवे तेव्हा पिसता येतात, मग मोजणी पुन्हा शून्यावर."

ते ताठ बसले होते. चेहरा असा, की जणू पडदा पडल्यावर कुणी 'वन्स मोअर' ओरडलंय.

"अगं, त्यांनी पत्ते पिसले! माझ्यासाठी!"

"हरलात, आणि आनंद कसला?"

"एवढ्या कोलाहलात एक पान सुटलं नाही, सुहास. एकही!"

उरलेल्या चिपा पुढच्या पाच डावांत मजेत गेल्या. दोघांनी समुद्राकाठच्या लाकडी वाटेवर बसून ठेपले खाल्ले. शेवटचा तुकडा तोंडात होता तरी त्यांनी मोबाइल काढला.

"प्रतिमा? सोमवारची वाट नको बघूस. पडदा ओढायला दुसरा माणूस शोध."