बोडक्या हातांनी शिवलेली गोधडी

भिसेगावातून आमचा टेंपो निघाला, तेव्हा त्यात सगळ्यात आधी शिलाई मशीन चढलं होतं. लोखंडी पाय वेगळे, वरचा पाट वेगळा, आणि मशीनचं डोकं चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर, तान्ह्या पोरासारखं. माझी आई सकाळच्या यष्टीनं खालापूरहून आली होती, येताना माझ्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन. टेंपो सुरू झाला तरी ती माझा हात सोडीना. मला वाटलं, माया दाटून आली. तर ती बांगड्या मोजत होती, दोन्ही हातांत सारख्या आहेत का ते बघायला.

"परमुलखात चाललीस," ती म्हणाली. "हात बोडके ठेवू नको गं."

बस, एवढंच. रडलीबिडली नाही. आमच्या घरात रडणं तसं कमीच.

आमचे हे साजगावला एका कारखान्यात लेथवर होते. तो बंद पडला. जुन्या सोबत्यानं कळवलं की अमदाबादला अवकाशाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे, तिच्या वर्कशॉपात हाताचा माणूस हवाय. गेलो. दोन-तीन वर्षं काढू नि येऊ, असं ठरवून गेलो. मूलबाळ आम्हाला नाही. हे इथेच लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

आता हे सगळं आज लिहायला का बसले, तर सुमनचा फोन आला होता. सुमन म्हणजे माझी धाकटी जाऊ, भिसेगावच्या घरात राहते. माझा दीर, तिचा नवरा, गेल्या वर्षी वारला. ती म्हणाली, "वहिनी, तिकडं आता कोण हाय तुमचं? या की इकडं, कायमच्या." मला फोनवर हो म्हणवेना, नाही म्हणवेना. म्हणून लिहिते. सुमननं वाचावं, आणि आमच्यासारखे जे जे तिथून उठून कुठे कुठे गेले त्यांनीही वाचावं, त्यांनाही असे फोन येत असतील.

अमदाबादचं पहिलं वर्ष मला नीटसं आठवत नाही. डाळीत साखर, भाजीत साखर, बोलण्यात साखर. शेजारणीला मी हसत हसत मराठीत सांगायचे, "बाई, तुझी डाळ मला अजिबात आवडत नाही." ती खूश होऊन आणखी एक वाटी आणून द्यायची. दुपारी मशीनवर बसायचे. मी शिवण कुठे शिकले नाही. आपलीच जुनी चोळी उसवायची, तुकडे जमिनीवर मांडायचे आणि बघायचं, कुठला तुकडा कुठे गेला होता. तसंच वाचायलाही शिकले, बातमीचा कागद पुड्याला आला की तो सोडवून. असो. इथे सोसायटीतल्या बायांचे ब्लाऊज मिळायला लागले.

गावाकडे विचारतात, तुमच्या संस्थेतून रॉकेट सोडतात का? नाही हो. सोडणारे वेगळे. इथली माणसं यंत्रं करतात. ती यंत्रं यानात बसून वर जातात आणि तिथून आकडे धाडतात, मग ही माणसं त्या आकड्यांपुढे वर्षानुवर्षं बसून राहतात. तेव्हा एक यंत्र चाललं होतं सूर्यावरून येणारे बारीक कण मोजायचं. वर म्हणे ऊन लागलं की भाजून निघतं आणि सावलीत गेलं की गोठतं, म्हणून यंत्राला पांघरूण लागतं. चकचकीत पातळ कागद, कागद म्हणजे प्लास्टिकच, कांद्याच्या सालीहून पातळ. त्याच्यावर जाळी, पुन्हा कागद, पुन्हा जाळी, असे थरावर थर, आणि ते सगळं एकत्र शिवायचं. शिवणारा माणूस काम सोडून गेला होता. हेतलबेन म्हणून त्या विभागाच्या मोठ्या बाई, त्यांनी वर्कशॉपात येऊन यांना विचारलं, "तुमच्या मिसेस ब्लाऊज शिवतात ना?"

अशी मी आत गेले. मी त्याला गोधडी म्हणायची. पुढे पुढे हेतलबेनही म्हणायला लागल्या, मोठे मोठे साहेबसुद्धा, "गोधडी तैयार छे?"

पण त्या खोलीत जाण्याआधी एक बाकावर बसायची जागा होती, तिथे आपापले लॉकर. पहिल्या दिवशी तिथल्या मुलीनं सांगितलं, "कुंकू पुसा, मंगळसूत्र काढा, बांगड्या काढा, केसाला तेल नको, पावडर नको." आत धुळीचा कण चालत नाही. बांगडीची कपची उडते, कुंकू झडतं. मी ऐकलं आणि तशीच बसून राहिले. आमच्यात बाई हे सगळं एकदम एकदाच उतरवते.

काम न करताच घरी आले आणि यांना सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, "मी जित्ता बसलोय ना तुझ्यासमोर भात खात? मग तुझ्या बांगड्यांना इचारतंय कोण? काढ."

दुसऱ्या दिवशी काढल्या. पांढरा डगला, टोपी, तोंडाला फडकं, हातमोजे, पायांना पिशव्या. आत गेल्यावर नुसते डोळे. कोण लग्नाची, कोण कुमारी, कोण कुठल्या जातीची, काही कळायचं नाही. काम कठीण होतं. ब्लाऊज चुकला तर उसवता येतो. इथे सुई एकदा चुकीच्या जागी गेली की भोक राहिलं, मग तो तुकडाच बाद. पहिल्या महिन्यात मी इतके तुकडे बाद केले की मला वाटलं, आज काढतील, उद्या काढतील. हेतलबेन म्हणायच्या, "श्वास सोडा आणि मग टाका घाला." मला हळूहळू ते जमलं. सकाळी उतरवायचं, संध्याकाळी चढवायचं. हातांना त्याचं काही वाटेनासं झालं.

एकदा शिफ्ट संपवून तसेच गाडीत बसलो आणि सुट्टीला खालापूरला गेलो. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं, हातांकडे बघितलं, सूप टाकून दिलं आणि जी किंकाळी फोडली की गल्ली गोळा झाली.

"कवा गेले गं? मला कळवलं पण नाय!"

मागून हे आले, दोन्ही हातांत पिशव्या. "सासूबाई, मी हाय की अजून. मी गेलो तर ही वजनं कोण उचलंल?"

गल्ली पोट धरून हसली. आई हसली नाही. तिनं माझ्या दंडावर दोन चापट्या मारल्या, घरातून कुंकवाचा करंडा आणून कपाळावर असं बोट दाबलं की दुखलं. म्हणाली, "तिकडं आभाळात काय गुंडाळायचं ते गुंडाळ. माझ्या दारात अशी येऊ नको."

दोन-तीन वर्षांची बारा झाली. पावसाच्या आधी हे एकटेच भिसेगावला गेले, घराची कौलं चाळायला. मला रजा नव्हती, गोधडीचा शेवटचा तुकडा चालला होता आणि यंत्र पुढे पाठवायची तारीख जवळ आली होती. फोन आत नेत नाहीत, लॉकरमध्ये ठेवायचा. चहाला बाहेर आले तर सुमनचे फोनवर फोन येऊन गेले होते. मी लावला. ती म्हणाली, "वहिनी, भावजी गेले. कौलांवरून उतरले, पाणी मागितलं, आणि गेले." चार तास झाले होते.

आता पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी चहाचा कप खाली ठेवला. पुन्हा डगला घातला, टोपी घातली, हातमोजे घातले, आणि आत गेले. शिवण अर्धी होती. ती पुरी केली. दोरा कापला. मग बाहेर येऊन हेतलबेनला सांगितलं, "बेन, आमचे गेले. मी जाते." का गेले परत आत, मला आजही सांगता येत नाही. काही वाटत नव्हतं, एवढंच खरं. शिवण सरळ आली होती.

सकाळी भिसेगावला पोचले ती तशीच, लॉकरमधून फोन आणि पैसे तेवढे घेऊन, बांगड्या-मंगळसूत्र तिथेच ठेवून. बाया दारात थांबल्या होत्या. आई पण आली होती. या वेळी ती ओरडली नाही. माझे हात हातात घेऊन नुसती बसली.

मग चुलतसासू पुढे आली. मी बिचारीला नावं ठेवत नाही, तिला जे माहीत होतं ते ती करत होती. ती म्हणाली, "हात तर मोकळेच हायत हिचे. फोडायचं काय?" बायांमध्ये कुजबूज झाली. कोणी म्हणाल्या राहू द्या. ती म्हणाली, "राहू द्या कसं? आधी घाला, मग फोडा. रीत ती रीत." सुमननं आपल्या डब्यातल्या बांगड्या आणल्या. त्या मला लहान होत्या. साबण लावून चढवल्या, बाई, आणि मग फोडल्या. एक काच मनगटात गेली. रक्त आलं तेव्हा बायांना जरा बरं वाटलं असावं. मला रडू येत नव्हतं, निदान काहीतरी आलं.

मी ओलं फडकं घेतलं आणि जमिनीवरचे काचेचे बारीक तुकडे टिपायला लागले. ही आमची कामावरची सवय. कोणी म्हणालं, "हबकलीय गं ती, असू दे तिला." मी सगळी जमीन टिपून घेतली.

तेरा दिवस सगळे म्हणत होते, आता इथेच राहा. दीर म्हणाला, सुमन म्हणाली. नोकरीवर आता कसं जाणार, लोक काय म्हणतील. मला जावंसं वाटत होतं असं नाही, आणि राहावंसं वाटत होतं असंही नाही. चौदाव्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली.

"तिथं आत जाताना समद्याच बाया हात बोडके करतात का गं?"

"सगळ्याच."

"लग्नाच्या पण?"

"लग्नाच्या, बिनलग्नाच्या. हेतलबेनसुद्धा."

तिनं लाकूड आत सारलं. "म्हणजे तिथं कळत नसंल कुणाला, कोण काय हाय ते."

"नाय कळत."

"मग जा," ती म्हणाली.

गेले. लॉकर उघडला तर बांगड्या तशाच, मंगळसूत्राची गुंडाळीही तशीच. पिशवीत घालून घरी नेलं आणि पेटीत ठेवलं. कामाला लागले. नवीन मुली यायच्या, त्यांना टाका शिकवायचे, श्वास सोडून. त्यातल्या कितीतरी जणींना वर्षभर कळलं नाही की मला नवरा नाही. कोणी विचारलंच नाही, हात सगळ्यांचेच मोकळे.

ते यंत्र आता वर आहे. आकडे येतात म्हणे. अभिमान वाटतो का, असं माझा एक भाचा विचारतो. वाटायला हवा. ज्या दिवशी ते वर गेलं त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मला त्या एका तुकड्याची शिवण दिसत होती. बाकी काही नाही.

आता डोळ्यांपायी काम सुटलं. खोली भाड्याची, गच्चीवर ऊन, खाली भाजीवाला. अमदाबाद माझं घर झालंय का? नाही बाई. इथली डाळ अजून आवडत नाही. पण भिसेगाव? आईही गेली. तिकडे आता फार्महाऊस, कंपाऊंड, मुंबईच्या गाड्या. खालापूरचा टोलनाका दिसला की मी खिडकीतून बघते आणि माझ्या मनात काही हलत नाही.

एक मात्र हललं होतं. पुतण्याचं, म्हणजे सुमनच्या मुलाचं लग्न होतं. मी आहेर, साड्या, सगळं घेऊन गेले. त्याला अंगाखांद्यावर खेळवलेला. हळद लागायची वेळ झाली आणि सुमन माझ्याजवळ आली, प्रेमानं पाठीवर हात ठेवला, म्हणाली, "वहिनी, जरा आत बसता का?" मी आत बसले. तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत. बाहेर बाया गात होत्या. मला वाईट वाटलं नाही, राग आला नाही. फक्त माझे हात कुठे ठेवू, ते कळेना. इतकी वर्षं ते कुणी बघत नव्हतं.

सुमन, आता तुझ्याशीच बोलते. फोनवर तू आणखी एक वाक्य बोललीस. तुझ्या नातीचं, थोरल्या लेकीच्या मुलीचं लग्न ठरलंय, माघात मांडव पडणार आहे, आणि तू हसत म्हणालीस, "या वहिनी, आता दोघी मिळून आत बसू." हसलीस, पण तुझा आवाज मी ओळखते. तुला एकटीला आत बसायला नको झालंय. म्हणून मी हवी आहे. याचं मला वाईट वाटत नाही, खरंच. एकटीनं आत बसणं काय असतं ते मला माहीत आहे.

पण मी आत बसायला येणार नाही. मी आले तर आपण दोघी मांडवात बसायचं, पुढे, नवरीला हळद लागते तिथे. आधी तू हळद लावायचीस, मग मी. कोणी उठवायला आलं तर तू बोलायचंस. मी नाही, तू. मला मागच्या वेळी जे बोलता आलं नाही, ते तुला येईल का, ते बघ. घाई नाही, विचार करून सांग.

तेवढं तू करशील, तर मी घरी येते.