यादीत नसलेली परीक्षा

गेल्या वर्षी माझ्या मुलीने सांगलीच्या कॉलेजात बीसीएला प्रवेश घेतला तेव्हा मी एक यादी केली होती. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, आधार, सहा फोटो. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. कोणत्या खिडकीवर आधी जायचं, जेवणाची सुट्टी कधी होते, हेही लिहिलं होतं. सगळं काम एका दिवसात झालं. मग ती यादी मी मेढ्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला पाठवली, कारण तिची मुलगी यंदा बारावीला होती. तिचंही ठरलेलं होतं: बीसीए, सांगली, आणि माझ्या मुलीच्या खोलीतली दुसरी कॉट.

बारावीचे पेपर चालू असताना भाचीचा फोन आला.

"मावशी, माझी मैत्रीण बीसीएसाठी कसली तरी सीईटी भरतीया. तिच्या पुण्याच्या भावानं सांगितलं म्हणं. मी बी भरू का?"

"अगं, ती इंजिनिअरिंगवाल्यांची. आपल्याला लागत नाही. तू उद्याचा पेपर बघ."

मी ऑफिसात होते, हातात काम होतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

निकाल लागला, ऐंशीच्या वर टक्के पडले, आणि आम्ही तिघी फाईल घेऊन सांगलीला गेलो. खिडकीवरच्या क्लार्कने फाईल उघडलीच नाही.

"सीईटीचा स्कोअर?"

"बीसीएला?"

"यंदापासून. वेबसाईटवर टाकलं होतं की, ताई."

"कधी?"

"पेपर चालू होते तेव्हा. आमच्या हातात नाही, वरून आलं."

"जागा भरल्या का?"

"कुठल्या भरतायत! निम्म्या तशाच आहेत. तुमच्यासारखे रोज येतात आणि परत जातात." त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. "हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकतच नाही. मी तरी काय करू?"

जागा रिकामी, मुलगी गुणवान, कागद पूर्ण. तरी त्या एका रकान्याच्या अलीकडेच आम्ही अडकलो होतो. परीक्षेला माझा विरोध नाही. पण दोन वर्षं पोरीला सांगायचं की बारावीचे गुण मिळव, आणि शेवटच्या महिन्यात ते गुण नुसते जोडायचे कागद करायचे, हे मला कोणी पटवून द्यावं. ज्या घरात पुण्याला भाऊ होता, तिथे वेळेत कळलं. भाचीच्या घरात कळवायला मी होते.

"अक्का, तू न्हाई म्हणालीस म्हणून हिनं भरला न्हाई," बहीण म्हणाली. ती चिडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती नुसतं सांगत होती.

क्लार्कला दया आली असावी. "बीएस्सीचा नवा कोर्स काढलाय. सर तेच, लॅब तीच, विषय जवळपास तेच. त्याला सीईटी नाही. पण उद्यापर्यंतच."

"म्हंजी म्हस तीच, गोठा त्योच, दावं तेवढं बदललंय," बहीण म्हणाली. क्लार्क हसले. मी हसले नाही.

"यानंतर एमसीएला प्रवेश मिळेल?" मी विचारलं.

"आजच्या नियमाप्रमाणं मिळेल."

आम्ही बाजूच्या बाकावर बसलो. भाची म्हणाली, "न्हाईतर वर्षभर थांबते. पुढच्या साली सीईटी देते."

"आणि पुढच्या साली आणखी काय निघालं तर?" बहीण म्हणाली. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात असंच होतं. नोकरीपासून लग्नापर्यंत कागदाचा प्रश्न आला की माझ्याकडे बघायचं. थांबावं तर तोटा, घ्यावं तर धोका, आणि दोन्हींतलं काही मला माहीत नव्हतं. "तूच ठरव," मी भाचीला म्हणाले. समजूतदारपणा म्हणून नव्हे. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

मग उठून तिने बीएस्सीचा फॉर्म आणला.

शेवटच्या पानावर हमीपत्र होतं. भाचीने सही केली, खाली पालकाची जागा होती. तिचे वडील सैन्यात, म्हणून सही बहिणीची. तिने पान माझ्यापुढे धरलं. "वाच की. काय लिवलंय?"

मी वाचलं: शिक्षण पूर्ण होईपर्यंत नियमांत जे बदल होतील ते आम्हाला मान्य राहतील, त्याबद्दल तक्रार करणार नाही.

"करू सही?"

मागे रांग वाढत होती. "कर," मी म्हणाले.