कपितोलिनाचा बिनआगीचा मुरंबा

“मेलेलं फळ मी कुणाच्या बशीत वाढत नाही,” असं कपितोलिना येगोरोवना एकदा आपल्या नणंदेला, अग्नियाला, तोंडावर म्हणाली होती. अग्नियाच्या अंगणात तेव्हा पितळी घमेल्यात मुरंबा रटरटत होता आणि गोड वासाला भुलून गल्लीभरच्या गांधीलमाश्या गोळा झाल्या होत्या. अग्नियानं हातातला झारा खाली ठेवला नाही. पण ते वाक्य ती कधी विसरलीही नाही.

रिम्मा लग्न होऊन सुखोना नदीकाठच्या त्या गावात आली, तेव्हा हे वाक्य तिच्या कानावर घालायला गल्लीतल्या बायका टपूनच बसल्या होत्या. रिम्मा दक्षिणेकडची, कुबानची. तिच्या माहेरी फळ म्हटलं की चूल पेटलीच. इथे सासू आगीचं नावही काढू देत नव्हती. नवरा ग्लेब लाकडांचे तराफे ओढणाऱ्या बोटीवर. नदी वाहती असेपर्यंत तो घरी येणार नव्हता. घरात दोघीच, आणि दोघींच्या मध्ये शांतता, तिसऱ्या बाईसारखी ऐसपैस बसलेली.

कपितोलिना उंच, हाडकुळी. तागाच्या गिरणीत आयुष्य गेल्यामुळे तिच्या बोटांना धागा आणि कचरा न बघता वेगळा कळे. बोलणं मोजकं. माया होती, पण तीही तळघरात ठेवल्यासारखी, थंड आणि टिकाऊ. ग्लेब लहान असताना एका हिवाळ्याच्या तोंडाशी तापानं फणफणला होता. नदी धड गोठलेली नव्हती, धड मोकळी नव्हती. होडी चालेना, घसरगाडी चालेना, आणि डॉक्टर पलीकडच्या काठावर. कपितोलिना त्याला कोमट पाण्यात कालवलेली काळी फळं चमच्याचमच्यानं पाजत राहिली. पोरगा फळांनी वाचला की आपणहून, यावर गल्लीत पुष्कळ चर्चा झाली. तिला विचारलं तर ती फक्त “वाचला” एवढंच म्हणे.

फळं स्मोरोदिनाची: करवंदाहून लहान, काळीभोर, आंबट, चुरगळलं की पानालाही वास येणारी. दव पुरतं वाळल्याशिवाय कपितोलिना झुडपाला हात लावत नसे. धुवायची तर मुळीच नाही. पाऊस धुऊन जातो, ऊन पुसून जातं, मग आपण कोण मध्ये लुडबुड करणार? माळ्यावर जुनी तागाची चादर अंथरून त्यावर फळं पसरायची, तळव्यानं हलकेच लोळवायची, एकेक निवडायची. मग मातीच्या खोल भांड्यात साखरेबरोबर लाकडी बत्त्यानं चिरडायची. लोखंड जवळ आणायचं नाही. चमच्याखाली साखर कुरकुरेनाशी झाली की बरण्या भरायच्या, वर पुन्हा साखरेचा जाड थर, त्यावर कागद, दोरा, आणि थेट तळघर. माघातल्या थंडीत बरणी उघडली की खोलीत उन्हाळा शिरे. तोही कोवळा, झुडपावरचा.

तिची बरणी कधी फसफसली नव्हती. म्हणून बायका आपापली फळं रुमालाखाली झाकून तिच्याकडे आणत. ती एक फळ ओठांना लावून बघे आणि म्हणे, “ओलं आहे, परत ने.” कुणी वाद घालत नसे.

या उन्हाळ्यात तिनं पहिल्यांदाच एक अख्खी बादली रिम्माच्या हवाली केली. “हे तुझं,” म्हणाली आणि गिरणीत गेली. रिम्माला वाटलं, आता आपण या घरातल्या झालो. पण फळांवर कोळ्याचं जाळं होतं, एका घोसावर पाखराची शिट होती. माहेरच्या हातांनी विचार करायच्या आत फळं पाण्यात बुडवली. मग ती घाबरली. टॉवेलनं टिपली, फुंकर घातली, चादरीवर पसरली; तिला ती कोरडी दिसली, कारण ती कोरडी दिसायलाच हवी होती. सासूला ती काही बोलली नाही. बरण्यांना तिनं दोऱ्याचं फूल बांधलं. सासूची गाठ साधी असे.

तेव्हापासून बटाटे आणायच्या निमित्तानं ती तळघरात उतरे आणि अंधारात कान देऊन उभी राही. एके दिवशी तिला तो फसफसण्याचा आवाज आला. अगदी बारीक, झोपलेल्या माणसाच्या ओठांतून निघावा तसा. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. सांगितलं की संपलं. मग या घरात आपण पाहुण्या त्या पाहुण्याच.

ऑगस्टच्या अखेरीस अग्निया चहाला आली. कपितोलिना स्वतः तळघरात उतरली आणि बरणी घेऊन वर आली. बरणीवर दोऱ्याचं फूल होतं. सासूचा बेत रिम्माच्या लक्षात आला: आधी नणंदेला चव घ्यायला लावायची, मग सुनेचं नाव सांगायचं.

“काय गं कापा, यंदाही कच्चंच?” अग्निया हातपाय पसरत म्हणाली. “सरपण वाचतं म्हणा, आळशी बाईला बरं.”

“खा आधी, अग्नियाताई. बोलायला दिवस पडलाय.”

कपितोलिनानं दोरा ओढला. कागद आपणहूनच टम्म फुगून वर आला. साखरेचा थर खचला होता, कडेनं गुलाबी फेस चढत होता. आंबूस वास टेबलावरून सरपटत गेला.

अग्नियाला हसू आवरेना. “जिवंत, जिवंत म्हणत होतीस ना? बघ, चालायलाच लागलं! उद्या गिरणीत कामाला पाठव त्याला!”

कपितोलिनानं चमचा बुडवला आणि फेसासकट तोंडात घातला. जिभेवर बराच वेळ धरून ठेवला. तिची नजर एकदा, एकदाच, रिम्माच्या हातांवर गेली.

“पाणी राहिलं,” ती म्हणाली. “मीच धुतली फळं. घाई होती.”

“तू? तू धुतलीस?” अग्नियानं छातीवर हात ठेवला. “आम्हाला जन्मभर शिकवलंस, पाणी लावू नका म्हणून. माझ्या घमेल्याला नावं ठेवलीस!”

“वय झालं.”

“झालंच म्हणायचं. आता विहिरीवर कळलं की बायका तुझ्या दारात कशाला येतील?”

“नाही येणार.”

कपितोलिना ताठ बसून होती. अग्नियाच्या डोळ्यांत बातमी आत्ताच विहिरीच्या वाटेला लागली होती. संध्याकाळपर्यंत ती गल्लीच्या टोकाला पोचली असती. रिम्माला वाटलं, आपण गप्प बसलो तर वाचतो. कुणी काही विचारणार नाही, सासू तर नाहीच. फक्त आजपासून आपण तिच्या नावावर जगू, आणि ते नाव आपणच आंबवलेलं असेल.

“आत्या,” ती म्हणाली. “आई खोटं बोलतायत. बरणी माझी आहे. फळं मी धुतली. त्यांना न विचारता धुतली, आणि सांगितलंही नाही. इतके दिवस नाही सांगितलं.”

अग्नियाचा चमचा हवेत राहिला. “तू?”

“सगळी बादली. तळघरात आणखी आहेत. त्याही तशाच असणार.”

“मग ही कशाला...” अग्निया वहिनीकडे वळली आणि तिचा चेहरा पाहून थांबली. ती पुटपुटली, “दक्षिणेच्या पोरी. तोंडाच्या फटकळच.” पण त्यात टोमण्याचा दम नव्हता. तिनं रिकामा पेला पुढे सरकवला, सवयीनं, कपितोलिनाच्या दिशेनं.

या घरात पाहुणा बसलेला असताना कपितोलिना कधी टेबलावरून उठली नव्हती, आणि चहा तिच्याशिवाय कुणी ओतला नव्हता. कपितोलिनाची सासू जिवंत होती तोवर तो तिनं ओतला, मग हिनं.

कपितोलिना रिम्माकडे बघत राहिली. त्या नजरेत राग होता, तो लपवलेला नव्हता. त्याच्या मागे आणखी काही होतं. त्याला नाव देण्याचं धाडस रिम्मानं केलं नाही. मग कपितोलिनानं चहाची किटली हातात घेतली, ओतली नाही. टेबलावरून फिरवून तिची मूठ रिम्माच्या बाजूला केली. फेसाळलेली बरणी काखोटीला मारली, दाराशी ठेवलेल्या रबरी बुटांत पाय सरकवले, आणि अंगणात निघून गेली.