उभे शेठ आणि मंगळवारची गाडी

उभे शेठना मी एकदाच बसलेलं पाहिलं, तेही भर बाजारात, रस्त्याच्या मातीत. एरवी हा माणूस सदैव दोन पायांवर. त्यांच्या भांड्यांच्या दुकानात गादी होती, तक्क्या होता, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्याही होत्या. पण शेठ ओट्याच्या कडेला उभे. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, दुपारचा डबासुद्धा काउंटरवर उघडून उभ्यानंच. दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं आडनाव रंगवलेलं होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे. गावानं त्यांना उभे शेठ करून टाकलं होतं आणि लग्नपत्रिकाही त्याच नावानं येत. बसत का नाही म्हणून विचारलं की सांगायचे, "बसला की माणूस टेकतो, टेकला की पसरतो, आन् पसरला की त्याला गाव दिसत न्हाई."

आमचं गाव परभणीपासून तासाभरावर. एक मोठा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि त्या सगळ्या दुकानदारांचा मिळून एक व्यापारी संघ. संघाला अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, खजिनदारही होते. शेठ यांपैकी कुणीच नव्हते. तरी संघ म्हणजे शेठ, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार येत. खरं काम निघालं की शेठ दुकानातली मोठी पितळी परात बाहेर काढायचे आणि लाकडी दांड्यानं तीनदा वाजवायचे. त्या आवाजासरशी कापडवाला हातातली मीटरपट्टी तशीच घेऊन यायचा, मेडिकलवाला अर्धवट फाडलेली गोळ्यांची पट्टी घेऊन यायचा. न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून यायचा, आणि ते गिऱ्हाईकही फेस पुसत त्याच्यामागून यायचं, कारण काय झालंय ते त्यालाही ऐकायचं असे.

ही सभा रस्त्यावरच भरे आणि उभ्यानंच होई. हात वर करणं नाही, चिठ्ठ्या टाकणं नाही. शेठ काम सांगायचे आणि म्हणायचे, "ज्याला पटत नसंल त्यानं खाली बसावं." आता उन्हाळ्यात तो रस्ता म्हणजे फुफाटा, पावसाळ्यात चिखल, आणि बारा महिने बाजारच्या जनावरांची ये-जा. इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत तिथं कोण बसणार? त्यामुळे संघाचे सगळे ठराव एकमतानं मंजूर होत. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. आमच्याकडे तो पाचांच्या इस्त्रीत होता.

पण थट्टा बाजूला. या उभ्या सभेनं केलेली कामं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. दिवाळी झाली की गावातली कितीतरी घरं ऊसतोडीला जात आणि मागं म्हातारी माणसं राहत. त्यांची औषधं आणि किराणा कोणी कधी पोचवायचा, याच्या पाळ्या संघानं लावल्या होत्या. वावटळीनं कुणाची पानटपरी उलटली, तर दुपारपर्यंत ती पुन्हा उभी असे. पत्रे एकाचे, खिळे दुसऱ्याचे आणि आरडाओरडा शेठचा. गाव करी ते राव न करी ही म्हण आम्हाला शाळेत शिकवावी लागली नाही.

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. परभणीच्या रस्त्यावरच्या ओढ्याचा जुना पूल पाडून नवा बांधायला काढला. बाजूनं कच्चा रस्ता काढून दिला होता, पण त्यावरून एसटी जाणं शक्य नव्हतं. सकाळची एसटी लांबच्या वाटेनं वळली आणि आमचं गावच त्या वाटेतून सुटलं. त्या गाडीनं आम्ही सात मुली कॉलेजला जात होतो. मुलगे मोटरसायकलींवर तिघं-तिघं बसून जायला लागले. आम्ही सात जणी घरी बसलो.

माझे वडील शाळेत लिपिक. शिक्षणाचं महत्त्व त्यांना कुणी सांगायला नको होतं. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोला रोज सकाळी नमस्कार करूनच आम्ही भावंडं शाळेला जायचो. पण पूल व्हायला वर्ष तरी लागणार, एवढं ऐकून ते गप्प झाले होते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तशी गंगाखेडची आत्या त्याच आठवड्यात एक स्थळ घेऊन आली. मुलगा चांगला होता, नोकरीला होता, हे मला अजून आठवतं, कारण नाव ठेवायला काहीतरी सापडावं म्हणून मी फार प्रयत्न केला होता. वडील म्हणाले, पोरगी नुसती घरी बसण्यापेक्षा बघून तर घेऊ. 'बघून घेऊ'चा शेवट आमच्याकडे कुठं होतो ते मला माहीत होतं. मी विहाराच्या पायरीवर जाऊन पोटभर रडले.

मंगळवारी आईबरोबर कुकरची रिंग आणायला उभे शेठच्या दुकानात गेले. शेठनी रिंग काढली, ताणून पाहिली आणि रिंग हातातच धरून मला विचारलं, "आज कालेज न्हाई?" आईनंच सगळं सांगितलं, पूल, एसटी, आत्या, स्थळ. शेठ ऐकत राहिले. मग त्यांनी रिंग आईच्या हातात दिली आणि परात उचलली.

त्या दिवशीची सभा मी दुकानाच्या दारातून पाहिली. माझं काळीज त्या परातीपेक्षा जोरात वाजत होतं. शेठनी सांगितलं ते अगदी सोपं होतं. बाजारातल्या आठ-दहा जणांकडे जीप नाहीतर मोठी गाडी आहे. माल भरायला जो तो आपल्या मनानं परभणीला जातो. एका दिवशी चार गाड्या जातात, एका दिवशी एकही नाही. सगळ्या गाड्या जाताना रिकाम्या. तर वार ठरवून घ्यायचे. सोमवारी किराणा, मंगळवारी कापड, बुधवारी मेडिकल, असं शनिवारपर्यंत. गाडी सकाळी सहाला निघेल, मुलींना कॉलेजवर सोडेल, आणि माल भरून दुपारी त्यांना घेऊन येईल. पटत नसेल त्यानं खाली बसावं.

आणि कापडवाले दादाराव खाली बसले.

बाजार थक्क झाला. दादाराव म्हणजे संघातले सगळ्यांत मोठे दुकानदार, पांढराशुभ्र शर्ट, पांढरीशुभ्र पँट. तसेच मांडी घालून मातीत बसले. त्यांचं म्हणणं असं की लोकांच्या तरण्या पोरी आपल्या गाडीत घालायच्या आणि उद्या काही बरंवाईट झालं, कुणी काही बोललं, तर संघाची काय इज्जत राहील? माणूस वाईट नव्हता, भ्याला होता. पण त्यांच्या बोलण्यानं दोघं-तिघं माना हलवायला लागले, एकानं बसण्यासाठी पँट वर सरकवलेली मी पाहिली, आणि मला वाटलं, संपलं आपलं. आत्यानं दाखवलेला त्या मुलाचा फोटो माझ्या डोळ्यांपुढं येऊन गेला.

तेव्हा उभे शेठ खाली बसले. दादारावांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून. शेठ नेहमी ओरडून बोलत, त्या दिवशी हळू बोलले; तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझी रेखा धाव्वीला शाळेत पहिली आली व्हती, दादाराव. पुढं शिकायचं म्हणून लय रडली. यष्टीची येळ जमत न्हाई म्हणून मी तिला घरी बसवली आन् सोळाव्या वर्साला लगीन लावून देलं. गाडी तवाबी रिकामीच जायची. मला सुचलंच न्हाई."

दादारावांनी बोटानं मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाले, "माझी एक अट हाय. गाडीत घरची एक बाईमाणूस पायजे." शेठ म्हणाले, मंजूर. दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि उठले. पँट पुरती मळली होती, ती झटकायचं दादारावांच्या लक्षातही आलं नाही.

मी घरी पळत गेले. वडिलांना एका दमात सांगितलं. ते सायकल काढून बाजारात गेले, आणि परत आल्यावर आत्याला म्हणाले, ताई, पोरगी शनिवारपर्यंत रिकामी नाही. आत्यानं विचारलं, मग रविवारी? वडील म्हणाले, रविवारी तिला अभ्यास आहे. त्या दिवशी मला माझे वडील फार आवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते फक्त आमच्या बाजारातच होऊ शकतं. बुधवार, म्हणजे मेडिकलवाल्यांची गाडी. पण सहा वाजता चौकात पाच गाड्या उभ्या. पहिल्या दिवशी आपली नको का, म्हणून जो तो आपापली गाडी धुऊन घेऊन आलेला. मंडपवाल्यानं रात्रीतून फुलांच्या माळा आणल्या. कुणी नारळ आणला, अध्यक्षांनी भाषण आणलं. आम्हा सात जणींना कुंकू लावून, हातात पेढे देऊन रांगेत उभं केलं. नमनालाच घडाभर तेल गेलं, आणि परभणीला पोचेस्तोवर आमचे पहिले दोन तास बुडाले होते. शेठना हे कळलं तेव्हा त्यांनी पुन्हा परात वाजवली आणि सांगितलं की उद्यापासून जो कोणी सहाच्या आधी गाडीजवळ नारळ घेऊन दिसेल त्याला तो तिथंच सोलून खायला लावीन.

मग ते वर्ष कसं गेलं ते विचारू नका. सोमवारी साबणाची खोकी मांडीवर घेऊन यायचो, शुक्रवारी हार्डवेअरच्या पाइपांखाली मान वाकवून. कॉलेजातल्या मैत्रिणी आमच्या कपड्यांना लागलेल्या गाडीच्या वासावरून वार ओळखायला लागल्या. आणि सगळ्यांत गंमत मंगळवारची. दादारावांच्या अटीप्रमाणे त्यांच्या सौभाग्यवती, आमच्या काकू, बरोबर येत. आम्ही कॉलेजात असताना त्या ठोक दुकानात नवऱ्याशेजारी बसायच्या. चार मंगळवार गप्प बसल्या, पाचव्या मंगळवारी त्यांनी दादारावांनी निवडलेला साड्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि स्वतः निवडला. तो गठ्ठा आठवड्यात संपला. नंतर किराणावाली मामी, मेडिकलवाली वहिनी, सगळ्याच निवडायला लागल्या. गावातल्या बाया म्हणत, आत्ता कुठं दुकानात घेण्यासारखं काही यायलंय. उभे शेठ यावर एवढंच म्हणायचे, "इतके दिवस आमी बाजार न्हाई, नुसतं पुरुषांचं खेळणं मांडलं व्हतं."

पूल झाला, एसटी परत सुरू झाली. आम्ही सातही जणी पदवीधर झालो. मी पुढं लॅबचा कोर्स केला आणि गावातच, त्याच रस्त्यावर, रक्त तपासायची लॅब टाकली. पहिल्या दिवशी उभे शेठ आले. अंगात काही तक्रार नव्हती, पण बाही वर करून म्हणाले, "घे, काढ." खुर्चीकडे बोट दाखवलं तर हसले. मी आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक उभ्यानं केलं. सगळे आकडे उत्तम आले आणि तो कागद त्यांनी बाजारभर दाखवला.

गेल्या वर्षी ते गेले. सकाळी दुकान उघडताना छातीत कळ आली, आणि परभणीला नेईपर्यंतही थांबले नाहीत. मला इतका राग आला त्यांचा. माझी लॅब त्यांच्या दुकानापासून पन्नास पावलांवर, आणि हा माणूस त्या पहिल्या दिवसानंतर कधी तपासायला म्हणून आला नाही. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी एक चाळिशीच्या बाई लॅबमध्ये आल्या. मला वाटलं रिपोर्ट न्यायला आल्या असतील. त्या दारातच थांबून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तूच का ती? पयल्या वर्साला अडुसष्ट, दुसऱ्याला एकाहत्तर, शेवटाला चौऱ्याहत्तर?"

माझ्या आईलासुद्धा हे टक्के असे ओळीनं सांगता आले नसते. त्या चारठाण्याला दिलेल्या रेखाताई होत्या, शेठच्या लेक. माझा निकाल लागला की शेठ माझ्या वडिलांकडून टक्के विचारून घेत आणि चारठाण्याला फोन करत. पहिल्या वर्षी रेखाताईंनी ऐकताच फोन कापला होता. लोकांच्या पोरीचे मार्क मला कशाला सांगायलेत, म्हणून दोन महिने बापाशी बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांनीच आधी फोन केला, निकाल लागला का विचारायला.

मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. त्यांनी लॅब सगळी फिरून पाहिली, सूक्ष्मदर्शकाला हळूच बोट लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"शेवटच्या वर्साला डिस्टिंक्शन एका टक्क्यानं हुकलं ना, तवा दोन दिस जेवण गेलं न्हाई मला."