आत्याला पहिल्या मजल्यावर नेताना

आत्या शाळेत चित्रकला शिकवायची. एका जुन्या चित्राची छापील प्रत फळ्याशेजारी टांगून तिनं कितीतरी मुलांना माणसं काढायला शिकवलं. मूळ चित्र बेंगळुरूच्या एका संग्रहालयात आहे. गुडघे गेले, चाकांची खुर्ची आली, तेव्हा ती म्हणाली, "आता तरी ते बघून येऊ." मिरजेहून रात्रीची गाडी पकडली.

सकाळी यशवंतपूरला उतरलो. खुर्ची घेऊन जाणाऱ्यांसाठी: घडीची असली तरी रिक्षात ती अडचणीची होते, मोठी टॅक्सी मागवा. दर्शिनीत, म्हणजे इथल्या झटपट खाण्याच्या हॉटेलात, सगळे उभ्यानं खातात. आम्हाला न मागता फुटपाथवर स्टूल मिळालं, त्यावर इडली आणि चटणीची जादा वाटी.

संग्रहालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दगडी इमारत, दाराशी उतार नीट केलेला. चित्र पहिल्या मजल्यावर. दुसऱ्या दिवसापासून खंडेनवमी-दसऱ्याची सुट्टी, म्हणून यंत्रांची पूजा आजच उरकलेली. लिफ्टला झेंडूचा हार होता. आणि लिफ्ट बंद होती.

"काय झालं, अण्णा?" मी रखवालदाराला विचारलं. तो पिढ्यान्‌पिढ्या इथलाच मराठी.

"गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात की नाही, अक्का? हिला चाक कुठं? म्हणून दारात ठेवलं आणि दार जोरात ओढलं."

ठेचलेलं लिंबू दाराच्या खाचेत रुतलं होतं. दार पूर्ण मिटत नव्हतं, म्हणून लिफ्ट हलत नव्हती. तसंच असायला हवं.

"मी दार दाबून धरतो, तुम्ही बसा."

"नको," मी म्हणाले.

"अगं, तू लिफ्टच्या कारखान्यात आहेस ना?" आत्या म्हणाली. "का नुसती पगाराला?"

"ही लिफ्ट माझ्या ताब्यात नाही, आत्या."

परतीची गाडी त्याच संध्याकाळची होती. आत्या जिन्याकडे बघत राहिली. पूजा आटोपून लिफ्टचा मेकॅनिक हेब्बाळला दुसऱ्या कामावर निघाला होता. अण्णानं फोन लावला. "स्वल्प थांबा, अर्ध्या वाटेतून वळलाय."

तो आला, खाचेत डोकावला. "सरबत कुणी केलं रे?" अण्णा दुसरीकडे बघू लागला. मेकॅनिकनं वीज बंद केली, खाच साफ केली, दार तपासलं आणि लिफ्ट रिकामीच वर पाठवून खाली आणली.

"आता बसू?" आत्या.

"अजून एकदा, आजी."

पुन्हा रिकामी. मीही तेच केलं असतं.

वर आत्यानं खुर्ची चित्राच्या अगदी जवळ घ्यायला लावली. मग एकदम ओरडली, "पायाशी मांजर आहे गं! छापताना कापलं की मेल्यांनी!" अण्णा वाकून बघायला लागला. इतकी वर्षं तिथं असून त्यालाही ते दिसलं नव्हतं.

घरी आल्यापासून आत्या मांजर काढतेय. शेपटी जमत नाही म्हणते. मी कामावर परतले. नव्या लिफ्ट रिकाम्या चालवून तपासणं हे माझं काम. नंतर त्यांत कोण बसतं, हे मला कधी दिसत नाही. यावेळी दिसलं. निघताना त्या मेकॅनिकला मी फक्त "ठीक आहे" म्हणाले. तेवढं पुरेसं नव्हतं.