किन्हवलीची वीज आणि हिरूबाईंचा विळा

वीज बघायला कुणी मुद्दाम जातं का? आमचे हे जातात! लोक धबधब्यांखाली नाचून घरी परतले, की ऑक्टोबरात यांचा कॅमेरा बाहेर निघतो. "परतीच्या पावसात विजा काय सुंदर पडतात!" म्हणे. पडतात, हीच तर पंचाईत आहे. पण दोन दिवस स्वयंपाकाला सुट्टी मिळणार होती, म्हणून मीही निघाले.

आसनगावहून रिक्षाने शहापूर आणि तिथून एसटीने किन्हवली. पुढे पाड्यापर्यंत अर्धा तास पायपीट आहे, तेव्हा नाजूक चपला घालून येऊ नका. सोमाभाऊ आणि हिरूबाई या जोडप्याच्या घरी उतरलो. दोघांचे दोन दिवसांचे, जेवणासकट, दीड हजार. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी अशी हाणली की उठवेना.

तीनच्या सुमारास आभाळ काळं झालं. सोमाभाऊ ताडपत्री घेऊन खाचरात पळाले. कापलेलं भात तिथं उघडं पडलेलं, घरचं वर्षभराचं खाणं. हे ट्रायपॉड घेऊन शेजारच्या माळावर. मी ओट्यावर बसून हिरूबाईंना गोष्ट सांगायला लागले: वृत्रासुराने पाणी अडवलं, दधीची ऋषींनी आपली हाडं दिली, त्यांचं इंद्राने वज्र केलं.

"न् त्याच्या बायकोला कोनी विचारलं काय?" हिरूबाई म्हणाल्या.

मी गोष्ट तिथंच गुंडाळली.

तेवढ्यात असं गडगडलं की कौलं हलली. हिरूबाईंनी हातातला भातकापणीचा विळा अंगणात भिरकावला. मला वाटलं हातातून सटकला. मी शहाणी, धावत जाऊन उचलून आणला!

"टाका तो, ताई! लोखंड तिला द्याचा, म्हंजे ती मानसाला शिवत नाय."

टाकला. आणि मान वर करते तर हे पावसापासून कॅमेरा वाचवायला माळावरच्या एकुलत्या एक ऐनाच्या झाडाखाली उभे. लहानपणी आई वीज चमकली की इंद्राच्या लेकाची नावं घ्यायला लावायची. अर्जुन, फाल्गुन, पार्थ, किरीटी... पुढचं एक आठवेल तर शपथ.

सोमाभाऊंनीही पाहिलं होतं. अर्धी ओढलेली ताडपत्री तशीच सोडून ते माळाकडे सुटले. "झाडाखालनं भाईर या! टाका त्ये तिकाटणं!" दंडाला धरून यांना फरफटत घरात आणलं. दार लावतोय तोच डोळे दिपले आणि कानठळ्या बसल्या. पाऊस थांबल्यावर बाहेर येऊन बघितलं, तर ऐनाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोललेली होती.

ताडपत्री बांधावर अडकलेली, भात पाण्यात. मी आधी रडले, मग यांना यथेच्छ झापलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं कापलेलं भात बांधावर पसरून उलटत राहिलो. यांनी कॅमेऱ्याला हातही लावला नाही.

फोटो एकही नाही. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, भाकरीसाठी तरी जा. फक्त दुपारनंतर माळावर फिरकू नका.

परवा हिरूबाईंचा फोन आला. मी घाबरत भाताचं विचारलं.

"दानं काळं परलं थोडं. खाऊ आमी. तुमचा मानूस बरा हाय ना गो?"

हे समोर चहा पीत बसले होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "तुम्हीच सांगा."