लांब घंटा

"मग सांगा ना जाऊन! आणि क्वार्टरची किल्लीही साहेबांच्या टेबलावर ठेवून या!"

"अगं, हळू बोल."

"का हळू? या भिंतींनी सव्वीस वर्षं तुमची घंटा ऐकलीय, माझं थोडं ऐकलं तर काय ढासळणार आहेत?"

रेल्वेच्या फाटकवाल्याच्या पायात एकच बूट होता. दुसरा बायकोच्या हातात.

नियम साधा होता. गाडी कुठलीही असो, घंटा लांबच वाजवायची, फाटकाचा दांडा खाली. पण मालगाडी रखडत यायची आणि दांड्याशी दुधाचे कॅन, सायकली, कुणाची तापानं फणफणलेली आई ताटकळत राहायची. त्याला दया आली. त्यानं मालगाडीला घंटा लांब ठेवली आणि फास्ट गाडीला तुटक वाजवू लागला. लांब वाजली की खुशाल दांड्याखालून वाका आणि निघा. तोंडानं कधी बोलला नाही, पण सगळी वस्ती शिकली.

सोमवारी तो दाढ काढायला गेला. बदलीवाल्यानं नियमाप्रमाणे लांब घंटा दिली. इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं घेऊन दांड्याखालून शिरला. गाडी फास्ट होती. माणूस वाचला, उजवा पाय गेला.

आता सगळे म्हणत होते, बदलीवाल्यानं घंटा चुकीची वाजवली. आज अकराला रुळांपलीकडच्या ऑफिसात चौकशी होती.

"त्याची नोकरी जाईल गं. त्यानं बरोबर वाजवली. चुकीची माझीच होती."

"आणि तुमची राहील? निवृत्तीला आठ महिने उरलेत. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा..."

ती थांबली. दोघांनाही इस्त्रीवाला आठवला.

"लोकांच्या भल्यासाठीच केलंत ना?" ती पुटपुटली.

"हो. तेच तर." त्यानं सुजलेला गाल चोळला. "कंटाळा आलाय मला त्या भल्याचा."

बाहेर घंटा वाजू लागली. आज फाटकावर तिसराच कुणी होता. घंटा लांब वाजत राहिली.

बायकोनं घड्याळाकडे पाहिलं. सुस्कारा सोडून बूट पुढे केला. "घाला. जायचंच तर वेळेवर तरी जा. लांब वाजतेय, मालगाडी असेल. वाका आणि निघा पटकन."

तो तिच्याकडे पाहतच राहिला.

"काय झालं? असे काय बघताय?"

त्यानं बूट घेतला, नाडी बांधली, आणि बाहेर पडला.